सलूनबाहेरचा पट्ट्यांचा खांब: रक्त, रंग आणि पिळाचं गणित

कातरवेळ

'केशकर्तनालय' अशी पाटी आता शोधावी लागते. त्याऐवजी काचेच्या नळकांड्यात फिरणारे लाल-पांढरे-निळे पट्टे तालुक्याच्या गावातही दिसतात. त्यांच्याबद्दल एकच मजकूर सगळीकडे फिरत असतो: लाल म्हणजे धमनी, निळा म्हणजे शीर, पांढरा म्हणजे बँडेज. जाणकारांना तीन प्रश्न.

१. यातलं कागदोपत्री सापडतं किती आणि मागाहून चिकटवलेलं किती?
२. नळकांडं जागच्या जागी गोल फिरतं, मग पट्टे वर चढताना का दिसतात?
३. मोटर-वीज काही नको, नुसता रंगवलेला खांब करायचा आहे. पट्टे सरळ यावेत म्हणून आखणी कशी करायची?

गुगल करून पहिली ओळ चिकटवू नये ही नम्र विनंती.

मोडीवाचक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

युरोपात न्हावी आणि रक्त यांची गाठ मठांमध्ये पडली. साधूंच्या डोक्याचा मधला भाग नेमाने भादरावा लागे, म्हणून न्हाव्याचं मठात जाणं-येणं असे. त्याच साधूंचं वर्षातून ठरावीक वेळा रक्त काढायचाही रिवाज होता. ज्याच्या हातात वस्तरा त्याच्याकडेच हे काम गेलं. पुढे १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने (रोममधली चर्चची मोठी सभा) पाद्री आणि त्यांच्या खालच्या पायरीचे डीकन, सबडीकन यांना डागण्या देणारी किंवा कापाकापीची शस्त्रक्रिया करायला मनाई केली. त्यामुळे हे काम पाद्र्यांच्या हातून पुरतं सुटलं.

फिरत्या मजकुरांत इथे हमखास ११६३ साल आणि फ्रान्समधल्या तूरची चर्च-परिषद येते. 'चर्चला रक्ताचा तिटकारा आहे' अशा अर्थाचं एक लॅटिन वाक्य तिच्या नावावर खपवलं जातं. त्या परिषदेच्या ठरावांत ते वाक्य नाही. अठराव्या शतकातल्या फ्रेंच लेखनातून ते सगळीकडे पसरलं.

लंडनमध्ये न्हावी रक्त काढून देत असल्याचा भक्कम पुरावा १३०७ चा आहे आणि तोही नगराच्या मनाई हुकुमातून मिळालेला. न्हाव्यांनी खिडकीत लोकांच्या नजरेस पडेल असं रक्त मांडून ठेवू नये, गुपचूप थेम्स नदीत नेऊन टाकावं, नाहीतर दोन शिलिंग दंड. याचा अर्थ त्याआधी 'इथे रक्त काढून मिळेल' याची जाहिरात म्हणजे खिडकीतलं खरं रक्तच होतं. खांब त्या जाहिरातीची जागा घेतो. केस कापण्याशी त्याचा मुळात संबंध नाही.

१४६२ मध्ये लंडनच्या न्हाव्यांच्या संघाला राजाची सनद मिळाली. १५४० मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात कायद्याने न्हावी आणि शल्यविद (सर्जन) यांचा एकच संघ केला. गंमत अशी की संघ एक झाला तरी कामं वेगळी केली: न्हाव्याने दात उपटण्यापलीकडे शस्त्रक्रिया करायची नाही आणि शल्यविदाने हजामत करायची नाही. या संघाला दर वर्षी फाशी गेलेल्या चार गुन्हेगारांची प्रेतं शरीररचना शिकण्यासाठी मिळत. १७४५ मध्ये दोघे कायमचे वेगळे झाले. शल्यविदांच्या शाखेतून १८०० मध्ये लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स उभं राहिलं. न्हाव्यांचा संघ लंडनमध्ये आजही आहे.

इंग्लंडमध्ये सर्जनला 'डॉक्टर' न म्हणता 'मिस्टर' म्हणायची पद्धत आहे, ती याच इतिहासाची शेपटी. फिजिशियन, म्हणजे औषधं देणारा वैद्य, विद्यापीठाची पदवी घेऊन येई, सर्जन उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून.

दीड_शहाणा

सगळं मान्य, पण खांब कुठे आहे यात? १३०७ च्या हुकुमात खिडकी आहे, रक्त आहे, नदी आहे. खांब नाही.

मोडीवाचक

@दीड_शहाणा, रास्त हरकत. खांबाबद्दल दोन ठिकाणं सांगतो.

एक, १७०८ सालचं लंडनचं 'ब्रिटिश अपोलो' हे नियतकालिक. त्यात वाचकाने पद्यात विचारलंय की न्हावी दारात रंगीबेरंगी खांब का लावतो, आणि संपादकांनी उत्तरादाखल प्राचीन रोमची एक थट्टेखोर गोष्ट ठोकून दिली आहे. म्हणजे १७०८ मध्ये खांब सर्रास होते, पण ते का आहेत हे तेव्हाच लोकांच्या विस्मरणात गेलं होतं. फिरते मजकूर त्या काळीही होतेच.

दुसरं, १७९७ मधलं हाउस ऑफ लॉर्ड्समधलं लॉर्ड थर्लोचं भाषण. त्याने सांगितलं की कायद्याने न्हावी आणि सर्जन दोघांनीही खांब लावायचा आहे. न्हाव्याचा निळा-पांढरा, त्यावर बाकी काही नाही. सर्जनचा तसाच, पण त्याला औषधाची बरणी आणि लाल चिंधी जोडलेली. भाषण झालं हे नक्की. मात्र १५४० च्या कायद्यात रंगांचा असा काही नियम नाही. सर्जनने रस्त्याच्या बाजूला उघड खूण लावावी एवढंच तिथे आहे.

कातरवेळ

मग निळा पट्टा अमेरिकेच्या झेंड्यावरून आला, हे बाद?

मोडीवाचक

अर्धं बाद. थर्लो लंडनमध्ये निळ्या-पांढऱ्या खांबाबद्दल बोलतोय, तेही न्हाव्यांच्या. म्हणजे निळा रंग या धंद्यात अटलांटिकच्या अलीकडेही होता. आजच्या वाटणीत ब्रिटनमध्ये लाल-पांढरा जास्त दिसतो, अमेरिकेत तिन्ही रंग. तिथे तिसरा रंग टिकायला झेंड्याचा हातभार लागला असेल, असं म्हणणं वाजवी आहे. 'निळा म्हणजे शीर' हे मात्र सरळसरळ मागाहून जोडलेलं आहे. शिरेतून काढलेलं रक्त वाटीत गडद लालच दिसतं. निळी दिसते ती कातडीखालची शीर.

युरोपच्या मुख्य भूमीवर खांबापेक्षा पितळेची पसरट थाळी टांगायची पद्धत जास्त. थाळीच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच असे, ती गिऱ्हाइकाच्या गळ्याशी बसे आणि साबणाचं पाणी थाळीत पडे. तीच थाळी कोपराखाली धरली की रक्तालाही चाले. खांबाच्या टोकावरचा पितळी गोळा म्हणजे याच थाळीचं उरलेलं रूप, असं मानलं जातं. कोणी तिला जळवांचं भांडं म्हणतं, कोणी साबणाचं.

नाडीवाला

खांबच का, याचं उत्तर शरीरात आहे, म्हणून शीर उघडायची कृती सविस्तर देतो. (इतिहास म्हणून वाचावी. कोणी घरी धडा गिरवू नये.)

जागा: कोपराच्या आतल्या खळगीतली शीर. दंडावर, कोपराच्या चार बोटं वर, फीत आवळून बांधायची. फीत एवढीच घट्ट की शिरेतून वर जाणारं रक्त अडेल, पण धमनीतून खाली येणारं चालू राहील. म्हणून मनगटाची नाडी हाताला लागली पाहिजे. नाडी बंद पडली तर फीत जास्त आवळली गेली आहे, आणि मग चीर दिली तरी रक्त येतच नाही. नवशिक्याची पहिली चूक हीच.

मग रोग्याच्या हातात काठी द्यायची आणि ती घट्ट आवळायला सांगायची. काठी आवळली की पुढच्या हाताचे स्नायू आखडतात, खोलवरच्या शिरांतलं रक्त पिळून वरच्या शिरांत येतं आणि खळगीतली शीर फुगते. हात स्थिर राहतो हा दुसरा फायदा. रोग्याने मूठ आवळत-सैल करत राहिलं की धार टिकते. आज रक्तदान शिबिरात हातात मऊ चेंडू देतात तो याच कारणासाठी. सलूनबाहेरच्या खांबाचा पणतू म्हणा हवं तर.

चीर शिरेला तिरपी किंवा लांबीच्या दिशेने देत. आडवी दिली तर शीर पुरी तुटून दोन्ही टोकं आत ओढली जात. खोल चीर त्याहून वाईट. खळगीतल्या शिरेच्या खाली एक पातळ पडदा आहे आणि त्याच्या लगेच खाली दंडाची मुख्य धमनी. पातं दोन-तीन मिलिमीटर जास्त गेलं की गडद संथ धारेऐवजी तांबडंलाल रक्त ठोक्यागणिक उडू लागे. वरून दाबून ते थांबलं तरी आत धमनीला फुगा धरे. जुन्या शल्यग्रंथांत कोपरातल्या अशा फुग्यांची वर्णनं आहेत, त्यांचं कारण बहुतेक वेळा हेच.

मोजमापही असे. कथलाच्या वाट्यांना आतून कडी कोरलेली असत, प्रत्येक कडं ठरावीक औंसांचं. १६ औंस म्हणजे साधारण ४५० मिलि. आज आपल्याकडे रक्तदात्याचं वजन ४५ किलोच्या वर असेल तर ३५० मिलि आणि ५५ च्या वर असेल तर ४५० मिलि घेतात. म्हणजे एका वेळचं प्रमाण फार वेगळं नव्हतं. घात व्हायचा तो हेच काम दोन-चार दिवसांत, कधी एकाच दिवसात पुन्हा पुन्हा केल्याने. आधीच आजारी माणसाचं. जॉर्ज वॉशिंग्टनचं डिसेंबर १७९९ मध्ये मरणाच्या दिवशी अनेकदा रक्त काढलं होतं. १८३० च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर लुई या डॉक्टरने न्युमोनियाच्या रोग्यांची आकडेवारी मांडून रक्त काढण्याचा फारसा उपयोग नाही असं दाखवलं, तेव्हापासून हा उपचार हळूहळू ओसरत गेला.

शेवटी फीत सोडायची, चिरेवर कापडाची घडी, त्यावर कोपराभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी. रक्ताने माखलेली फीत आणि पट्टी धुऊन काठीवर गुंडाळून वाळायला दाराबाहेर. लाल-पांढरा पीळ तिथून आला, असं परंपरा सांगते.

दीड_शहाणा

धुतलेलं कापड काठीला गुंडाळून का वाळवतील? लटकवलं तर लवकर वाळेल. आणि वाऱ्याने आपोआप इतका सुबक पीळ पडतो होय?

दंडगोल

वाऱ्याचं सोडा, पण सुबक पिळाची शंका भूमितीने मिटते. सरळ, लांब, सारख्या रुंदीची पट्टी सारख्या जाडीच्या काठीवर कुठल्याही कोनात लावा आणि न ओढता-वाकवता गुंडाळत जा. ती आपोआप स्क्रूच्या आट्यांसारखीच बसते. नळकांडं उलगडून सपाट केलं तर आटा ही सरळ रेषाच असते, म्हणून पट्टीला वळणं घ्यावी लागत नाहीत. काठीवर कापड गुंडाळलं की पट्टेदार खांब फुकटात मिळतो.

काठी निमुळती असेल तर हे बिघडतं. शंकूवर पट्टीची एक कड सैल पडते, एक ताणते आणि चुण्या येतात. प्रथमोपचारात मनगटाकडून कोपराकडे पट्टी बांधताना प्रत्येक वेढ्याला ती उलटी घडी घालायला शिकवतात ती यासाठीच. हात निमुळता आहे.

शब्दखूण

वाचनखूण साठवली. आपल्याकडच्या शब्दांची थोडी भर.

रक्त काढायची मराठीतली हत्यारं आणि क्रियापदं वेगळी आहेत: तुंबडी लावणे, फासण्या टाकणे, जळवा लावणे. फासण्या म्हणजे कातडीवर वस्तऱ्याने पाडलेल्या उथळ चिरा. त्यावर तुंबडी लावून आतली हवा ओढली की रक्त वर येतं. तुंबडी मूळची वाळवलेल्या भोपळ्याची, पुढे शिंगाचीही. सुश्रुताच्या सूत्रस्थानात (अध्याय १३) शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा अशी तीनही साधनं अनुक्रमे वात, पित्त, कफ यांसाठी सांगितली आहेत. 'स्वतःची तुंबडी भरणे' यातली तुंबडी रक्ताची की गोसाव्याच्या भिक्षेची यावर वाद घालता येईल. वस्तू तीच, पोकळ भोपळा.

आणि @नाडीवाला यांच्या काठीबद्दल. सुश्रुताच्याच शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात हाताची शीर वेधताना रोग्याला आसनावर नीट बसवून अंगठा आत घेऊन मूठ आवळायला लावावी आणि वर बंध बांधावा, असं सांगितलंय. तत्त्व तेच, फक्त काठीऐवजी स्वतःचा अंगठा.

कातरवेळ

मग आपल्याकडे अशी खूण का नाही तयार झाली? न्हाव्याकडे फासण्या होत्या, वस्तरा होता.

शब्दखूण

कारण दुकान नव्हतं. खूण लागते ती अनोळखी गिऱ्हाइकाला वाट दाखवायला. गावगाड्यात न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. घरं ठरलेली, वारही बहुधा ठरलेला, मोबदला सुगीत धान्याच्या रूपात. तो धोकटी घेऊन घरी येई. धोकटी म्हणजे चामड्याची पिशवी: वस्तरा, नखं काढायची नराणी, चिमटा, कात्री, आरसा, पाण्याची वाटी, पातं लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. खुणेची वस्तू म्हणायची तर हीच. धोकटी दिसली की कोण आलंय ते कळे. पाट्या आल्या त्या शहरातल्या दुकानांबरोबर, आणि फिरता खांब तर तयार मालासारखा बाहेरून आला.

पूर्वेकडचा

तयार माल म्हणून तो जपानमध्ये बराच आधी पोचला. १८७१ मध्ये मेजी सरकारने शेंडीवजा केशरचना सोडून केस कापायला परवानगी देणारा हुकूम काढला आणि पाश्चात्त्य पद्धतीची न्हाव्याची दुकानं वाढली. खांबाला तिथे 'आरुहेइबो' म्हणतात. आरुहेइ ही पिळाची रंगीत साखरकांडी, तिचं नाव पोर्तुगीज 'अल्फेलोआ' या मिठाईवरून आलेलं. म्हणजे जपान्यांना रक्त दिसलं नाही, गोळी दिसली.

दक्षिण कोरियात जरा जपून. शेजारी शेजारी दोन खांब फिरत असतील तर ते बहुधा केस कापायचं दुकान नसतं.

आणि दक्षिण ध्रुवावरच्या तळाशी, खऱ्या ध्रुवबिंदूच्या जवळच, फोटो काढण्यासाठी जो मानाचा खांब रोवलाय तो लाल-पांढऱ्या पिळाचाच आहे, डोक्यावर चकचकीत गोळा. भोवती अंटार्क्टिक करारावर मूळ सह्या करणाऱ्या १२ देशांचे झेंडे. तिथे उस्तरा कोणी चालवत नाही.

दंडगोल

प्रश्न दोन. नळकांड्यावरचा प्रत्येक बिंदू आडवाच सरकतो, उभा अजिबात नाही. पण एकरंगी पट्ट्याच्या मधल्या भागात डोळ्याला पकडायला खूण नसते. दिसतात फक्त कडा, आणि तिरपी कड आडवी सरकली काय, उभी सरकली काय, मधून बघताना सारखीच दिसते. मग मेंदू पट्ट्यांची टोकं बघतो. उंच अरुंद नळकांड्यात बहुतेक टोकं डाव्या-उजव्या उभ्या कडांवर असतात आणि तिथे ती वर किंवा खाली घसरतात. त्यांचंच बहुमत चालतं. हान्स वालाख या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये यावर सविस्तर प्रयोग छापले.

ताडून बघायचं तर पुठ्ठ्यात १० सेंमी रुंद आणि २ सेंमी उंच आडवी फट कापा आणि फिरत्या खांबासमोर जवळ धरा. त्याच फटीत पट्टे आडवे धावताना दिसतील.

दिशेचा नियम: पट्टे खालून डावीकडून वर उजवीकडे चढत असतील आणि समोरचा पृष्ठभाग डावीकडे सरकत असेल (वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे), तर पट्टे वर चढताना दिसतात. उलट फिरवला तर उतरतात. वेग काढायला पिळाची एका वेढ्यातली चढण गुणिले मिनिटाचे फेरे. चढण ५०० मिमी आणि फेरे ६ असतील तर मिनिटाला ३ मीटर, म्हणजे सेकंदाला ५ सेंमी. याच्या दुपटीवर गेलं की डोळ्याला त्रास होतो.

'लाल रक्त खाली वाहताना आणि निळं वर जाताना दिसलं पाहिजे' असंही कोणी कोणी ठासून सांगतं. एका नळकांड्यावर दोन्ही रंग एकाच दिशेने जाणार. त्यासाठी दोन नळकांडी लागतील.

वायंडिंगवाला

वरच्या नियमाला एक जोड, कारण बाजारातल्या स्वस्त खांबांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते: काल वर जात होते, आज खाली का?

आत मायक्रोवेव्हच्या काचेच्या थाळीखाली असते तसली चपटी गिअरवाली सिंक्रोनस मोटर असते, साधारण ५० मिमी व्यासाची, ४ वॅटच्या आसपास. तिचा साधा प्रकार चालू होताना ज्या क्षणी वीज मिळाली त्यावर कुठल्याही बाजूला सुटतो. थाळीला फरक पडत नाही, खांबाला पडतो. घेताना एकाच दिशेची किंवा कपॅसिटरवर दिशा ठरणारी मोटर मागा. लेबलवर ५/६ असं लिहिलेलं असतं, ते ५० हर्ट्झवर ५ फेरे आणि ६० वर ६. आपल्याकडे ५ धरा. मायक्रोवेव्हमधून काढलेली मोटर लावणार असाल तर लेबलवरचा व्होल्टेज वाचा. बऱ्याच २१ किंवा ३० व्होल्टच्या असतात, २३० ला लावल्या की धूर.

दिशा उलटी करायला काही जण आतलं नळकांडं काढून डोकं खाली पाय वर करून बसवतात. काही बदलत नाही. उजवा आटा उलटा धरला तरी उजवाच राहतो. मोटरसकट अख्खा खांब उलटा टांगला तरच दिशा फिरते. ते करताना वायर वरच्या बाजूला येते आणि पावसाचं पाणी तिच्यावरून आत उतरतं, म्हणून आधीच बघून घ्या.

बाकी मुद्दे भराभर. आतल्या नळकांड्याचं वजन मोटरच्या दांडीवर टांगू नका, खाली छोटं बेअरिंग द्या आणि मोटरला फक्त फिरवू द्या. नाहीतर प्लॅस्टिकचे दात वर्षभरात झिजतात आणि खांब टक-टक करत अडखळतो. एलईडी ट्यूब स्थिर ठेवा, फिरत्या भागाला जोडली तर वायर पीळ खाऊन तुटते. वायर खालून आत घ्या, आत जाण्यापूर्वी खाली झोल ठेवा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. तळाच्या टोपणाला ६ मिमीचं भोक हवंच. कोकणात आणि मुंबईत नुसत्या दमटपणानेही आत थेंब साचतात.

बाहेरचं नळकांडं अ‍ॅक्रिलिकचं असेल तर स्पिरिटने पुसू नका. सलूनमध्ये स्पिरिट हाताशी असतं, हात सहज जातो. महिन्याभरात आतून बारीक तडे पसरतात आणि काच पांढुरकी होते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

मोडीवाचक

अवांतर: अमेरिकेत सेंट पॉल, मिनेसोटा इथे विल्यम मार्व्हीने १९५० पासून खांब बनवले आणि काचेऐवजी न फुटणारं प्लॅस्टिक आणलं, कारण खांबावर पोरांचे दगड-चेंडू ठरलेले. त्याआधी सेंट लुइसच्या 'कोकेन' (Koken, नशेचं नव्हे) या कंपनीचे खांब प्रसिद्ध होते. वीज नसलेल्या दुकानांसाठी किल्ली देऊन चालणारे खांबही बनत. तिथल्या काही राज्यांत परवानाधारक न्हाव्याशिवाय कोणी हा खांब लावू नये असा कायदा आहे. ब्यूटी पार्लरवाल्यांशी त्यावरून भांडणंही होतात.

रंगपेटी

तिसरा प्रश्न राहिलाच की. मोटर नको म्हणताय ते उत्तम, रंगवलेला खांब दहा वर्षं दिसतो.

पाइप घ्या १६० मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी, उंची १ मीटर. निमुळता खांब घेऊ नका, वर दंडगोल यांनी कारण दिलंय. घेर सुमारे ५०३ मिमी भरतो, पण हिशोबावर न जाता कागदाची पट्टी गुंडाळून घेर प्रत्यक्ष मोजा. पाइपात एक-दोन मिमीचा फरक असतो.

पीव्हीसीला २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, पुसा, प्लॅस्टिकला चालणारा प्रायमर मारा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर जस्तावर चालणारा प्रायमर लागतो. थेट ऑइल पेंट मारला तर पहिल्या पावसाळ्यानंतर पापुद्रे निघतात. मग अख्ख्या पाइपला पांढऱ्या एनॅमलचे दोन हात. २४ तास तरी थांबा, नाहीतर पुढची टेप पांढरा रंग घेऊनच निघेल.

आखणी: घेराचे चार समान भाग करा, १२६ मिमीला जरा कमी येतं. ओळंबा धरून चार उभ्या रेघा पेन्सिलीने ओढा. त्याच मापाने उंचीवर खुणा करून आडवी वर्तुळं ओढा. खांबावर चौकोनांची जाळी तयार होईल. आता प्रत्येक चौकोनाचा कर्ण ओढा, सगळे एकाच दिशेचे. कर्ण आपोआप जुळत ४५ अंशांचा पीळ होतो आणि एका वेढ्यात बरोबर चार चौकोन उतरतो. चार पट्टे: लाल, पांढरा, निळा, पांढरा. पट्ट्याची खरी रुंदी ८९ मिमी भरेल. फक्त लाल-पांढरा हवा असेल तर तीच जाळी, एकाआड एक.

मास्किंग टेप कर्णाच्या रेघेला कड लावून न ओढता सोडत जा. कोन बरोबर असेल तर ती सपाट बसते. चुणी आली की समजा रेघ चुकली आहे, टेप दाबून बसवू नका. टेपच्या कडेवरून आधी पांढऱ्याचाच एक पातळ हात फिरवा. त्याने कडेखालच्या फटी बंद होतात आणि लाल रंग आत झिरपत नाही. रंग अजून चिकट असतानाच टेप स्वतःवर उलटी दुमडत काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कड दातेरी तुटते. प्रत्येक रंगाला क्षेत्रफळ पाव चौरस मीटरपेक्षाही कमी, तेव्हा १०० मिलिचा डबा दोन हातांना पुरून उरतो.

फ्लेक्सवर छापून चिकटवायचं मनात असेल तर एक सावधगिरी. जोडावर पट्टा सरकतो, कारण छापणारा घेरात चिकटपट्टीचा १० मिमी जादा भाग धरून कोन काढतो. कोन निव्वळ घेरावर काढायचा, जादा भाग नंतर जोडायचा. शिवाय छापील लाल रंग उन्हात आधी उडतो. पश्चिमेच्या भिंतीवर दोन उन्हाळ्यांत गुलाबी आणि निळा तसाच. त्यापेक्षा रंगीत व्हिनाइल कापून लावलेलं बरं. आतून दिवा असेल तर ते प्रकाश जाऊ देणारं घ्या, साध्या व्हिनाइलचे पट्टे रात्री काळे दिसतात.

कातरवेळ

चौकोनांचे कर्ण! एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. आता शेवटचं: वर गोळा बसवायचा की वाटी? आणि भिंतीपासून किती बाहेर?

दीड_शहाणा

खाच असलेली पितळी थाळी उलटी घाला. १३०७ पासूनचा सगळा वाद एका टोपणात.

रंगपेटी

थाळी मिळाली तर घालाच, पण तिच्या खाचेतून पाणी पाइपात जाईल. त्याआधी पाइपाचं तोंड एंड कॅपने बंद करा. गोळाच हवा असेल तर जिन्याच्या कठड्यावर लावतात तो स्टीलचा पोकळ गोळा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, १०० मिमीचा १६० च्या पाइपावर शोभतो. कॅपच्या मधोमध भोक, आतून नट-बोल्ट, कडेने सिलिकॉन. खालची कॅप सिलिकॉनने बंद करायची नाही. दोन पट्टीक्लॅम्प, वरून आणि खालून प्रत्येकी २०० मिमीवर, आणि त्यांच्या जागेवर रंग देण्याआधीच भोकं पाडून घ्या. खांब पदपथावर डोकावत असेल तर खालचं टोक सव्वादोन मीटरच्या वर ठेवा आणि पालिकेच्या आकाशचिन्ह परवाना विभागात आधी विचारा. हो, तिथे या वस्तूला 'आकाशचिन्ह'च म्हणतात.